एकूण माणसे किती?

यंदाच्या स्नेहसंमेलनात माझा कुठल्याच कार्यक्रमात भाग नव्हता. गाता येत नाही, नाचायला घरून परवानगी मिळाली नसती आणि नाटकात नाव द्यावे तर तालीम संपेपर्यंत आमच्या गावाची शेवटची एस. टी. निघून जाते. म्हणून मला दारावर उभे केले. पास पाहायचा आणि आत सोडायचे, एवढेच काम. एकांकिका रंगात आलेली असताना एक सर बाहेर आले आणि त्यांनी सहज विचारले, "आत किती मुलं असतील गं?"

मी म्हटले, "तीनशे सव्वीस."

"म्हणजे सव्वातीनशेच्या आसपास म्हण ना."

"नाही सर, तीनशे सव्वीसच. तीनशे एकावन्न आत गेली, एकोणचाळीस बाहेर पडली, त्यातली चौदा चहा पिऊन परत आली."

सरांनी माझ्या हातात कागद आहे का ते पाहिले. कागद नव्हता. डाव्या मुठीत थोडे खडे होते, पण ते मी दाखवले नाहीत. "कला शाखेत राहून हे कुठं शिकलीस?" असे म्हणून सर हसत आत गेले. दारावर गर्दी होती, उत्तर द्यायचे राहून गेले. आता वार्षिकांकासाठी लेखन द्या अशी नोटीस लागली आहे, तर ते उत्तरच लिहून देते. जरा लांबण लागेल, कारण माझ्या हातून झालेला पन्नास रुपयांचा एक घोटाळाही त्यात यायचा आहे.

लहानपणी मला बेरीज-वजाबाकी येत होती आणि शाब्दिक उदाहरणे येत नव्हती. गुरुजींनी फळ्यावर एकाखाली एक आकडे मांडून दिले की हातचा घेऊन, उसना घेऊन माझे उत्तर सगळ्यांच्या आधी तयार. तेच आकडे वाक्यात गुंडाळून आले की मी गप्प. अजून एक उदाहरण मला आठवते. एका नाट्यगृहात ८५० आसने आहेत, त्यांपैकी ६२८ आसनांवर प्रेक्षक बसले, तर किती आसने रिक्त राहिली? यातले नाट्यगृह मी पाहिलेले नव्हते. रिक्त हा शब्द ऐकलेला नव्हता. आसन मात्र ठाऊक होते. आमच्या घरी आजी पोथी वाचून घ्यायला कोणाला बोलवायची तेव्हा त्याला बसायला जे घोंगडीचे चौकोनी घडीचे टाकायची, ते आसन. अशी ८५० आसने अंथरायला केवढे देऊळ लागेल याचा विचार करण्यात माझा तास संपला. २२२ हे उत्तर शेजारच्या मुलीने सांगितले.

तेव्हा मला वाटे मी गणितात कच्ची आहे. आता मराठी विषय घेतल्यावर वाटते की कच्चे होते ते माझे मराठी, निदान पुस्तकातले मराठी. आम्ही 'हजर' म्हणतो, पुस्तक 'उपस्थित' म्हणते. आम्ही 'माणसं उरली' म्हणतो, पुस्तकात ती 'शिल्लक' असतात, आणि शिल्लक म्हटले की आम्हाला आठवते सोसायटीचे कर्ज.

गुरुजींनी यावर एक तोडगा काढला होता. एका कार्डशीटवर दोन रकाने करून ते भिंतीला लावले होते. एकूण, मिळून, सर्व, एकंदर हे शब्द आले की बेरीज. उरले, शिल्लक, फरक, कितीने कमी हे शब्द आले की वजाबाकी. उदाहरण पुरते वाचायचे कामच नाही. शब्द शोधायचा, चिन्ह मांडायचे. गुरुजींना मी दोष देत नाही. दोन वर्ग एका खोलीत आणि गुरुजी एक. त्या तक्त्यावर आमच्या वर्गातली निम्मी मुले पास झाली, मीही झाले.

त्या तक्त्याची खोड मला कळली ती गेल्या वर्षी. घरातली कॉलेजात जाणारी पहिली मुलगी म्हणून आमच्या वस्तीचा असा समज आहे की हिला सगळेच येत असणार. त्यामुळे संध्याकाळी आमच्या ओट्यावर तिसरी-चौथीची आठ-नऊ पोरे दप्तरे घेऊन जमतात. मी त्यांना एक उदाहरण घातले. शनिवारी जत्रेतल्या पाळण्यात ३८५ मुले बसली, ही संख्या रविवारपेक्षा १२० ने कमी होती, तर रविवारी किती मुले बसली? एक सोडून सगळ्यांनी २६५ लिहिले. 'कमी' शब्द दिसला ना! ज्याचे बरोबर आले त्याचे अक्षर कोणाला लागत नाही आणि पाढे तर सातच्या पुढे येतच नाहीत. त्याला विचारले, "तू ५०५ कसे काढलेस?" तो म्हणाला, "ताई, रविवारी सुट्टी असती. जास्तच बसत्याल की."

मग मला खोडी सुचली. दुसऱ्या दिवशी विचारले, "देवळापुढे १२५ माणसे आणि ४० बैल उभे आहेत, तर पुजाऱ्याचे वय किती?" एकाने १६५ लिहिले. दुसरा हुशार. एवढा म्हातारा पुजारी असत नाही हे त्याच्या ध्यानात आले, म्हणून त्याने वजाबाकी केली आणि ८५ वर्षांचा पुजारी आणला. ही खोडी माझी नव्हे. १९८० च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे शिक्षकांनी ९७ लहान मुलांना असेच विचारले होते : गलबतावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? त्यांतल्या ७६ मुलांनी त्याच आकड्यांची काही ना काही खटपट करून वय काढून दिले. हे वाचल्यावर आमच्या ओट्यावरच्या पोरांविषयी मला बरे वाटले.

पण खरी अडचण निघाली ती वजाबाकीत. वजाबाकी म्हणजे 'त्यातून काढून टाकणे' एवढेच आपण शिकवतो. कनातीत ५०० माणसे होती, ४२० उठून गेली, तर राहिली किती, हे कोणालाही समजते. माणसे उठून गेलेली दिसतात. पण पहिल्या रात्री ५०० आली आणि दुसऱ्या रात्री ४२०, तर पहिल्या रात्री किती जास्त आली, असे विचारले की पोरे घोटाळ्यात पडतात. इथे कोणीच उठून गेलेले नाही. एका मुलीने मला विचारलेच, "ताई, कोणच गेलं न्हाई तर वजा कुणाला करायचं?" मला पटकन उत्तर सुचेना. आणि तिसरा प्रकार म्हणजे खुर्च्या ५००, आली ४२०, तर अजून किती यायला हवीत? इथे तर जाण्याऐवजी येण्याची गोष्ट चालली आहे, आणि मांडायची वजाबाकी! मांडणी तिन्हींची एकच, उत्तर तिन्हींचे ८०, पण दारात उभे राहून पाहिले तर गोष्टी तीन. दारात उभे राहायचे हे मला पुस्तकाने शिकवलेले नाही. ते अण्णांनी शिकवले, आणि शिकवतो आहे असे म्हणून नव्हे.

अण्णांची शाळा दुसरीत सुटली. त्यांना आकडे वाचता येतात, सही करता येते. एरवी ते मजुरी करतात, पण चैत्रात जत्रा सुरू झाल्या की पूर्वी त्यांना एक वेगळे काम मिळे. तमाशाचे फड कसे ठरतात हे आपल्याकडच्या बहुतेकांना माहीत आहेच. नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावची यात्रा कमिटी तिथे जाऊन सुपारी देते. सुपारीचा खेळ गावाला फुकट. तिकिटावरचा खेळ वेगळा. त्याला भोवती कनात लागते, दार लागते, तिकिटाची बारी लागते, आणि बारीवर बसायला व कनातीभोवती काठी घेऊन फिरायला आसपासची विश्वासाची माणसे लागतात. अण्णा बारीवर बसत.

मी चौथीत असताना आई बाळंतपणाला माहेरी गेली होती. आजीला रात्री नीट दिसत नसे. भीमेच्या पलीकडे दौंड तालुक्यातल्या एका गावची जत्रा होती आणि अण्णांना बारीचे काम आले होते. मला घरी कोणाजवळ ठेवायचे हा प्रश्न पडला, तो अण्णांनी मला बरोबर नेऊन सोडवला. न्हावऱ्यावरून टेम्पो निघाला, पारगावचा पूल ओलांडला. पूल ओलांडला की शिरूर तालुका संपतो हे मला अण्णांनी त्या दिवशी सांगितले. मी मागे वळून पाहिले, पण तालुका संपल्यासारखे काही दिसले नाही. दोन्हीकडे ऊसच.

बारी म्हणजे पत्र्याची टपरी आणि पुढे हात जाईल एवढी खिडकी. अण्णा स्टुलावर, मी खाली त्यांच्या पायाशी पोत्यावर. मला फक्त हात दिसत. खिडकीतून हात यायचा, नोट यायची, तिकीट घेऊन हात जायचा. तिकीट पन्नास रुपये. तिकिटाच्या बुकात प्रत्येक तिकिटावर नंबर. अण्णांच्या शेजारी रंगाचा एक रिकामा डबा होता आणि खिशात खडे. दहा तिकिटे गेली की एक खडा डब्यात पडे. टण् असा आवाज येई. पुढे पुढे मी डोळे मिटून त्या आवाजाची वाट पाहू लागले.

खेळ सुरू झाला. आत ढोलकी कडाडली, हलगी वाजली. माणसे हसत होती. हसणे ऐकू येई, कशाला हसले ते कळत नसे. दारावरचा माणूस चहाला बाहेर पडणाऱ्यांच्या मनगटावर शिक्का मारी आणि परत येताना तो पाहून आत सोडी. अण्णा खिडकीतून त्याला विचारत, "किती भाईर?" तो सांगे, "सोळा." थोड्या वेळाने, "आता किती?" "पाच ऱ्हायली." एवढ्यावर अण्णा आत किती माणसे आहेत ते सांगत. मी त्या आत गेलेल्यांतही नव्हते आणि बाहेर पडलेल्यांतही नव्हते. पास मला नव्हता, तिकीटही नव्हते.

लीलावतीतले एक उदाहरण प्रथम वर्षाला असताना वर्गात ऐकले तेव्हा मला ते पोते आठवले. भास्कराचार्यांनी ११५० साली हा ग्रंथ लिहिला. त्यात भुंग्यांचा थवा आहे. पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलावर, या दोहोंच्या फरकाची तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा केतकी-मालतीच्या वासाने भुलून हवेतच घिरट्या घालत राहिला; तर भुंगे किती? उत्तर पंधरा. तीन, पाच, सहा आणि तो एक. उदाहरण सोडवताना त्या एकाला विसरले की सगळेच चुकते.

असो. खेळ मध्यावर आला तेव्हा मॅनेजर बॅटरी घेऊन हिशेबाला आला. त्याला घाई होती, दुसऱ्या दिवशी तंबू पुढच्या गावाला जायचा होता. अण्णांनी डबा पालथा करून खडे मोजले आणि म्हणाले, "एक्केचाळीस खडं न् वर दोन. वीस विसा चारशे, वर बारा."

"खडे कसले दाखवता," मॅनेजर म्हणाला. "बुकाचा हिशेब लिहून द्या."

अण्णांनी मला उठवून पुढे केले. "ही करंल. चौथीला हाय."

मॅनेजरने बॅटरी धरली. संध्याकाळी बुक दिले तेव्हा वरचा नंबर १,३०१ होता, तो पुठ्ठ्यावर लिहिलेला होता. आता वरचा नंबर १,७१३. मी तिकिटाच्या बुकाच्या पुठ्ठ्यावर वजाबाकी मांडली. ४१२ आले. इथे थांबले असते तर हा लेख लिहावा लागला नसता. पण त्याच आठवड्यात गुरुजींनी आम्हाला पानांचे उदाहरण शिकवले होते. पान १५ पासून पान ४० पर्यंत वाचले, तर किती पाने वाचली? सगळा वर्ग २५ म्हणाला होता आणि मी एकटीने २६ म्हटले होते. दोन्ही टोकांची पाने धरायची म्हणून एक मिळवायचा. गुरुजींनी माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. त्या टाळ्या माझ्या कानात होत्या. मी मॅनेजरसमोर ४१२ मध्ये एक मिळवला आणि मोठ्याने वाचले, "चारशे तेरा."

चारशे तेरा म्हणजे २०,६५० रुपये. गल्ल्यात २०,६०० निघाले. अण्णांनी नोटा पुन्हा मोजल्या. खडे पुन्हा मोजले. मग एकदा माझ्याकडे पाहिले आणि मॅनेजरला म्हणाले, "पोरगी म्हंती तर तेवढीच असत्याल. माझंच कुटं तरी चुकलं." त्यांच्या दोनशे रुपये हजेरीतून पन्नास कापून गेले. पहाटे निघताना त्यांनी मला कबूल केलेली गोडीशेव घेतली. अर्धा किलो म्हणाले होते, पाव किलो घेतली. टेम्पोत मी ती खात होते आणि अण्णा पुलावरून खाली पाण्याकडे पाहत होते.

घोटाळा हा एवढाच. पण त्याच्यापुढे मी जे केले ते जास्त वाईट आहे. आई बाळाला घेऊन घरी आली तेव्हा मी तिला सगळी हकिकत सांगितली आणि शेवटी म्हटले, "अण्णांना मोजता येत नाही." अण्णा अंगणात होते. त्यांनी ऐकले असावे. पुढे दुकानात सामान आणायला गेले की पैसे मी मोजू लागले. बाजारात भाजीवालीला नोट देताना मी अण्णांच्या हातातून नोट घेई आणि परत आलेले सुटे स्वतः तपासून बघे. अण्णांनी कधी अडवले नाही. घरात शिकलेले माणूस मीच होते ना!

माझ्या चुकीचा उलगडा झाला तो ओट्यावरच. परवाच्या उन्हाळ्यात मी पोरांना तेच पानांचे उदाहरण शिकवत होते, एक का मिळवायचा ते सांगत होते. ते अक्षर न लागणारे पोरगे म्हणाले, "पण ताई, चाळीसावं पान वाचलंच नसंल तर?" मी म्हटले, "मग एक मिळवायचा नाही." आणि बोलता बोलता थांबले. १,७१३ नंबरचे तिकीट बुकातच होते. ते विकलेलेच नव्हते. विकलेले शेवटचे तिकीट १,७१२. त्यातून १,३०१ वजा केले तर ४११, आणि दोन्ही टोके धरायची म्हणून अधिक एक, ४१२. किंवा न विकलेल्या तिकिटाचा नंबर घेऊन सरळ वजा करा, तरी ४१२. एक मिळवायचा की नाही हे आकडे सांगत नाहीत. शेवटचे तिकीट कोणाच्या हातात होते, बुकात की गिऱ्हाइकाच्या, ते पाहावे लागते. मी पाहिले नव्हते, पोत्यावर बसून मी फक्त हात पाहिले होते.

त्या दिवशी मी पोरांना लवकर सोडले.

नंतर मानसशास्त्राच्या तासाला एक अभ्यास ऐकला. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, फळे विकणाऱ्या पाच मुलांचे हिशेब काही संशोधकांनी आधी गिऱ्हाईक होऊन पाहिले आणि मग तेच आकडे कागदावर घालून पाहिले. १९८५ साली तो अभ्यास छापला. रस्त्यावर शंभरातली ९८ उत्तरे बरोबर. शब्दांत मांडलेल्या उदाहरणांत ७४. नुसते आकडे मांडून दिले तर ३७. मुले तीच. अलीकडे, २०२५ साली, अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयी जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यातही असेच दिसले. शिवाय उलटही दिसले, की शाळेतले हिशेब करणारी मुले बाजारातल्या हिशेबाला अडखळतात. ते ऐकताना वर्गात मी मान खाली घातली. मला वाटले, सगळे माझ्याकडेच पाहत आहेत. खरे तर दुपारचा तास होता, निम्मा वर्ग पेंगत होता आणि उरलेला गैरहजर होता.

अण्णांचे बारीचे काम आता सुटले. २०२० आणि २०२१ या दोन चैत्रांत करोनामुळे जत्रा भरल्या नाहीत. कनातीच उभ्या राहिल्या नाहीत. आलेली माणसे शून्य, गेलेली शून्य. त्यानंतर ज्या ओळखीवर काम मिळे ती माणसे पांगली. बैलगाडा शर्यती मात्र डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिल्यापासून पुन्हा जोरात आहेत, आणि शर्यतीच्या घाटावर तिकीट नसते. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात छापून येते, हजारोंच्या उपस्थितीत. अण्णा तो पेपर माझ्याकडून वाचून घेतात आणि विचारतात, "हजारो म्हंजी किती?" मला सांगता येत नाही. हजारोमधून काहीच वजा करता येत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत एकदा अण्णा ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. पोरे आलेली नव्हती. मी वही आणली, आकडे मांडले आणि त्यांना सगळे सांगितले. १,३०१ कुठून आले, १,७१३ कुठून आले, एक कसा जास्त झाला. सांगून झाल्यावर म्हटले, "अण्णा, तुमचे खडे बरोबर होते."

"ठावं हाय मला," ते म्हणाले.

"आत्ता कळलं तुम्हाला?"

"आत्ता कशाला? खडं कसं चुकत्याल?"

"मग त्या मॅनेजरला का सांगितलं नाही?"

त्यांनी चिमूट तोंडात टाकली, हात झटकले. "त्याच्याम्होरं तुला खोटी पाडू व्हय?"

मी वही मिटली. आत चुलीपाशी आई काहीतरी बोलत होती, ते मला ऐकू आले नाही. थोड्या वेळाने अण्णाच म्हणाले, "आन् तसं बगितलं तर चारशे बारा तरी कुटं हुती आत? पासवाली एकतीस. फुडं बसल्याली सगळी पासवालीच. कनातीखालनं शिरल्याली पोरं इसभर तरी असत्याल, मी दोनदा काठी आपटली, पर किती निघाली आन् किती ऱ्हायली कुणाला ठावं. वाजिवणारी, नाचणारी, झाडून तीस-चाळीस मान्सं ती येगळीच." ते बोटांच्या पेरांवर मोजत होते. "त्यांच्याबरं तू."

"मी बाहेर होते अण्णा. तुमच्या पायाशी, पोत्यावर."

"हां," ते म्हणाले आणि एक पेर मागे आले. "मग तू नगं धरू."